पगार आठ हजार, पोस्ट माहीत नाही

नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी दोनच प्रश्न विचारले: पगार किती, पोस्ट कोणती. पहिल्याचं उत्तर सोपं होतं, आठ हजार. दुसऱ्याला मी नुसतं "आर्किटेक्टच्या ऑफिसात" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. तेवढ्यात बाबांनी हिशेब केला. "आठ हजार भागिले सव्वीस. तीनशे सात रुपये रोज. रोजगार हमीवर तीनशे बारा भेटते बाई, अन् तिथं डिप्लोमा कोणी मागत नाही." बाबा चेष्टा करत होते, पण आकडा खोटा नव्हता. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपयेच होता.

चेष्टेचं काही वाटलं नाही. कोडं वेगळंच पडलं. हे आठ हजार ठरवले कोणी आणि ते वाढतात कशानं? सरकारी नोकरीत पायऱ्या छापलेल्या असतात. शिक्षकाला माहीत असतं, तलाठ्याला माहीत असतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्या आमच्यासारख्यांची पुढची पायरी कोणती, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं आणि ऑफिसात विचारायची हिंमत नव्हती.

आम्ही मूर्तिजापूरचे. इथल्या माणसाला नोकरीसाठी दोन दिशा: गाडी पश्चिमेची धरली की अकोला, पूर्वेची धरली की बडनेरा आणि तिथून ऑटोनं अमरावती. सिव्हिलचं वेड लागलं तेही रस्त्यामुळे. जून २०२२ मध्ये मी दहावीच्या निकालाची वाट पाहत होते आणि आमच्याच भागात, लोणी ते माना या पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. बाबांच्या गाडीवर बसून मी ते काम बघून आले. महिनाभरात शासकीय तंत्रनिकेतनाचा फॉर्म भरला, अमरावतीला सिव्हिलला नंबर लागला. तीन वर्षांत कळलं की मला रस्त्यापेक्षा घर काढायला जास्त आवडतं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन. एका रेघेनं स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला न्यायची आणि आत सकाळचं ऊन पाडायचं.

मुलाखती दोन्हीकडे दिल्या. अकोल्यात सांगितलं, पहिले काही महिने शिका, मग पैशाचं बघू. अमरावतीच्या सरांनी माझी शीट उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "आठ चालतील?" मी हो म्हटलं. वेळ, सुट्ट्या, वाढ कधी, हे काही बोललंच गेलं नाही. "तुझं काम पाहून ठरवू," एवढं सर म्हणाले. आमच्याकडच्या बहुतेक छोट्या ऑफिसांचं नेमणूकपत्र म्हणजे हेच वाक्य.

ऑफिसात माणसं मोजकी. सर स्वतः आर्किटेक्ट. त्यांच्या हाताखाली नुकती बी.आर्क. झालेली एक ताई. आयटीआय केलेले, केस पिकलेले ड्राफ्ट्समन, त्यांना सगळे काकाच म्हणतात. मी. आणि फाइली घेऊन महापालिकेत पळणारा एक दादा. कामाच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की कॉलेजातलं ड्रॉइंग आणि इथलं ड्रॉइंग यांची फक्त लांबून ओळख आहे. इथे प्लॉट चौकोनी नसतो. नझूलची शीट एक सांगते, जागेवरचं कुंपण दुसरंच सांगतं आणि मालक तिसरंच. सबमिशन ड्रॉइंगमध्ये प्लॉटची हद्द जाड काळी, नवीन बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचमध्ये, हे रंग मी वहीत उतरवून घेतले. मग यूडीसीपीआर. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि आणखी काही भाग सोडून राज्यभर लागू झालेली ही एकत्रित नियमावली. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा; बेसिक १.१० म्हणजे काय, अँसिलरी एफएसआय वर किती मिळतो, कोणती गॅलरी धरायची आणि कोणती सोडायची, हे सगळं त्या जाडजूड पुस्तकात आहे आणि त्यातलं मला काहीच शिकवलेलं नव्हतं.

त्याहून अवघड प्रीडीसीआर. महापालिकेची परवानगी आता ऑनलाइन पोर्टलवरून मिळते. तिथे आपला नकाशा आधी सॉफ्टवेअर तपासतं. भिंत, जिना, पार्किंग, प्रत्येकाला ठरलेली लेयर. प्रत्येक क्षेत्रफळाची पॉलिलाइन बंद असली पाहिजे. एक टोक केसभर सुटलं तर संगणक तिला खोली मानायलाच तयार नाही. मी एका दुमजली घरामागे दिवसभर बसले. डोळ्यांना सगळं बरोबर दिसत होतं, रिपोर्ट मात्र लालच. काका मागे येऊन उभे राहिले, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "जिन्याची लाइन डब्बल पडली वं. एक उडव." उडवली. पास.

काकांचं ज्ञान असं होतं. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंग पेन, अमोनिया प्रिंट या काळातला माणूस. चूक झाली तर ब्लेडनं शाई खरवडायची आणि कागद फाटू द्यायचा नाही. पुढे कॉम्प्युटर आले, त्यांनी तेही शिकून घेतलं. नव्या आर्किटेक्ट ताई एखाद्या टॉयलेटच्या स्लोपसाठी त्यांना विचारायच्या आणि सरसुद्धा नियम आठवेना झाला की काकांकडे बघायचे. म्हणून एकदा धीर करून मी त्यांना पगार विचारला. त्यांनी सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही. तो पुण्यात लागलेल्या माझ्या बॅचमेटच्या पहिल्या पगाराइतकाच होता, एवढं सांगते.

त्या दिवसापासून माझा गोंधळ वाढला. अनुभवानं पगार वाढतो म्हणतात. मग काकांचा का नाही वाढला? कौशल्यानं वाढतो म्हणावं, तर प्रीडीसीआर काढणारा हात ऑफिसात त्यांचाच. काम कष्टाचं असेल तर वाढतो म्हणावं, तर साइटवरच्या मिस्त्रीची रोजी आठशे, म्हणजे माझ्या अडीचपट आणि काकांपेक्षाही जास्त. ते योग्यच आहे, कारण उन्हात मिस्त्री उभा असतो. पण मग आमचं काम या सगळ्यात नेमकं कुठे बसतं?

आठ हजारांचा उगम शोधताना एक गोष्ट सापडली. शिकाऊ उमेदवारांसाठीच्या २०१९ च्या सुधारित नियमांत डिप्लोमावाल्याचं किमान विद्यावेतन ८,००० रुपये ठरलं होतं, आयटीआयवाल्याचं ७,७००. पुढे २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोक जिला लाडका भाऊ योजना म्हणतात. तिच्यातही आयटीआय आणि डिप्लोमासाठी महिना ८,००० रुपये. माझ्या एक वर्ष पुढची मैत्रीण त्यातून एका सरकारी कार्यालयात लागली. पैसे थेट तिच्या खात्यात यायचे. माझं ऑफिस या योजनेत बसतच नव्हतं, कारण खाजगी आस्थापनेत किमान वीस माणसं लागतात. सरकारनं शिकणाऱ्या पोरांना हाताशी असावेत म्हणून ठरवलेले हे आठ हजार. गावोगावच्या ऑफिसांत तोच आकडा पूर्ण कामाचा पगार होऊन बसला असावा, असा माझा अंदाज. किमान ठरवलेलं कमाल व्हायला वेळ लागत नाही.

वीसचा आकडा इतरत्रही आडवा येतो. भविष्य निर्वाह निधीसाठी वीस माणसं. कर्मचारी विमा योजनेसाठी दहा, आणि पगार २१,००० च्या आत. शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आहे ते तीस माणसांपासून पुढे; चारपासून एकोणतीसपर्यंत मर्जीचा मामला. आर्किटेक्टचं ऑफिस म्हणजे चार-पाच जण. त्यामुळे यातली एकही जाळी आमच्या खाली येत नाही. यात सरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. गावात घराचा नकाशा चौरस फुटाच्या दरानं विकला जातो, तोही घासाघीस करून. "नकाशाच तर आहे, दोन रेघा काढायच्या," असं मालक तोंडावर म्हणतात आणि टाइल्स निवडायला मात्र मोरबीपर्यंत जाऊन येतात.

उत्तराची पहिली चाहूल मला ऑफिसात नाही, साइटवर लागली. अकोल्याच्या बाजूला एका बंगल्याचं काम होतं आणि माझं घर रस्त्यात म्हणून सर मला तिकडे पाठवू लागले. पायाची खोदाई चालू होती. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उथळ पाया टेकवला की भिंती तिरप्या चिरतात. ड्रॉइंगवर खोली लिहिलेली होती, पण त्या खोलीवर माती अजून काळीच. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, मुरूम लागल्याशिवाय मी पीसीसी टाकत नसतो. तुमी कागदावर काय बी लिहा." मी सरांना फोन लावला, फोटो पाठवले, स्ट्रक्चरल इंजिनीअरशी बोलणं झालं, खोली वाढली. दुसऱ्या एका जागी बोअरच्या पाण्याचा प्रश्न आला. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे; तिथलं पाणी काँक्रीटला वापरलं तर लोखंड गंजतं. आयएस ४५६ प्रमाणे लोखंडाच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. कंत्राटदाराला टँकर परवडत नव्हता. मी टेस्ट रिपोर्टशिवाय स्लॅबला हो म्हटलं नाही. खरं तर हो किंवा नाही म्हणायचा मला अधिकारच नव्हता. मी फक्त "सरांना विचारते" म्हणत राहिले. पण त्या महिन्यात सरांनी पेट्रोलचे म्हणून दीड हजार जास्त दिले आणि ते पुढे दर महिन्याला येत राहिले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. महिनोन्‌महिने नकाशे काढले, दमडी वाढली नाही. साइटवर उभी राहिले, निर्णय होईपर्यंत काम थांबवलं, तर वाढ झाली. रेघ ओढण्याचे पैसे थोडे. त्या रेघेची जबाबदारी घेण्याचे जास्त. जबाबदारी जितकी आपल्या नावावर, तितका पगार. काकांचं सगळं ज्ञान दुसऱ्याच्या नावावर जमा होत आलं होतं. पोर्टलवर लॉगिन सरांचं, नकाशावर सही सरांची, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत फाइलच्या एकाही पानावर काकांचं नाव नाही.

मग सही कोणाला करता येते, ते शोधलं. आर्किटेक्ट ही पदवी १९७२ च्या कायद्यानं राखीव आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल तरच ती लावता येते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कायदा नाव लावायला बंदी करतो, काम करायला नाही. मला कोणी साइटवर "आर्किटेक्ट मॅडम" म्हटलं की मी आता लगेच दुरुस्त करते. मला ती पदवी हवी असेल तर बी.आर्क.ची पाच वर्षं पहिल्यापासून, नाटा परीक्षेसकट. सिव्हिलच्या डिप्लोमावर बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, बडनेऱ्याला माझे काही वर्गमित्र तसेच गेले. बी.आर्क.ला अशी मधली खिडकी नाही.

पण यूडीसीपीआरच्या मागच्या परिशिष्टात आमच्यासाठी एक दार निघालं. तिथे आर्किटेक्ट आणि इंजिनीअर यांच्याखाली सुपरवायझरच्या दोन श्रेणी आहेत. आयटीआयचा सिव्हिल ड्राफ्ट्समन आर्किटेक्ट किंवा इंजिनीअरच्या हाताखाली पाच वर्षं काम केल्यावर दुसऱ्या श्रेणीचं लायसन्स मागू शकतो, दहा वर्षांनी पहिल्या श्रेणीचं. डिप्लोमावाल्याला पहिल्या श्रेणीसाठी दोन वर्षं पुरतात आणि दहा वर्षांच्या अनुभवावर इंजिनीअरचं लायसन्स मिळू शकतं. सुपरवायझरला लहान प्लॉटवरची, दोन मजल्यांपर्यंतची कामं स्वतःच्या सहीनं दाखल करता येतात. अमरावती-अकोल्यात बांधली जाणारी कितीतरी घरं याच मापाची आहेत.

मी ते पान काढून उत्साहानं काकांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "माहीत आहे," म्हणाले. "अर्ज नेला होता. अनुभवाचा दाखला मागतात. आधीच्या दोन ऑफिसांत पगार हातात भेटत होता. एक सर वारले, दुसऱ्यांनी ऑफिस बंद केलं. दाखला कोणापासून आणू?" एवढं बोलून ते परत त्यांच्या विंडो शेड्यूलकडे वळले. त्यांचा आवाजही चढला नव्हता.

बाहेर पायऱ्या आहेत, नाहीत असं नाही. सार्वजनिक बांधकाम विभागानं २०२३ मध्ये २,१०९ पदांची जाहिरात काढली, त्यात स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यकांचीच १,३७८. मूळ वेतन २५,५०० पासून. कनिष्ठ अभियंता झालात तर ३८,६०० पासून. नगर रचना विभागानं २०२४ मध्ये रचना सहायकांच्या २६१, कनिष्ठ आरेखकांच्या २८ आणि अनुरेखकांच्या १२६ जागा काढल्या. अनुरेखक म्हणजे काकांनी तरुणपणी केलं तेच काम, पण २१,७०० च्या मूळ वेतनावर, महागाई भत्त्यासकट. म्हणून आमच्या बॅचची अर्धी मुलं अभ्यासिकेत बसलेली आहेत. पुण्याला गेलेल्यांनी रेव्हिट हे सॉफ्टवेअर शिकून घेतलं. तिथे परदेशी ऑफिसांची मॉडेल्स करणाऱ्या कंपन्या आहेत, पगार दुप्पट आणि खोलीभाडं त्यातलं बरंच खाणारं. ब्रिटनमध्ये तर आमच्या कामाची वेगळी संस्थाच आहे, १९६५ ची, २००५ मध्ये तिला रॉयल चार्टर मिळाला. तिथला आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्ट आर्किटेक्ट न होताही स्वतःच्या नावावर काम चालवतो. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. निदान कोणत्या तरी देशात या कामाला वरपर्यंत जिना आहे.

मला तूर्त इथेच राहायचं आहे. परीक्षेचे फॉर्म भरते, सकाळच्या गाडीत प्रश्नसंच सोडवते, पण काळ्या मातीतली घरं मला कळायला लागली आहेत आणि ती सोडवत नाहीत. म्हणून वर्ष भरलं तेव्हा पगारवाढीऐवजी मी सरांकडे तीन गोष्टी मागितल्या: रुजू झाल्याच्या तारखेचं नेमणूकपत्र, पगार दर महिन्याला बँकेत, आणि मी कोणत्या साइट पाहिल्या त्याची वर्षाला एक सहीची यादी. सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लायसन्स काढून तू उद्या माझ्यासमोरच दुकान टाकशील." मी म्हटलं, "सर, तुमच्या लहान फाइली मी सही करून देईन. तुम्ही मोठ्या बघा." त्यांना ते पटलं की गंमत वाटली, कळलं नाही. पण पत्र ताईंनी टाइप केलं आणि सरांनी सही केली. पगार न मागता दहा झाला. त्याचंही कारण मला अजून नीट लागलेलं नाही. कदाचित कागदावर लिहायचं म्हटल्यावर आठ हा आकडा त्यांनाच बरा दिसला नसावा.

पुढचं सगळं सोपं आहे असा माझा समज नाही. लायसन्स मिळालं तरी गिऱ्हाईक येईलच असं नाही. विशीतल्या मुलीच्या सहीवर घर बांधायला कोण तयार होतं, ते बघायचंय. सही माझी झाली की स्लॅबची भीतीही माझीच होईल, आणि आज "सरांना विचारते" म्हणून जी सुटका होते ती तेव्हा होणार नाही. पण या वर्षी आमच्याकडे शिकायला आलेल्या आयटीआयच्या मुलाला मी ऑटोकॅडच्या कमांडच्या आधी एक गोष्ट सांगितली: पगार काय ठरेल तो ठरेल, आजची तारीख घातलेलं पत्र सरांकडून घे. तुझी पाच वर्षं आजपासून मोजली जाणार आहेत. मग काकांना त्याच्याशेजारी बसवलं आणि म्हटलं, आता यांच्याकडून जिना शिक.